मुकी वरात

बोरतळवाडीच्या वेशीतून आमच्या कॉलेजची जीप आत शिरली, तेव्हा गुलछडी नाचत होती.

एरवी ही आनंदाची बातमी. सांगोल्यापासून जतपर्यंत कुठल्याही लग्नघरी विचारलं असतं, तर लोकांनी सांगितलं असतं की गुलछडी नाचली की लग्न लागलं. अक्षता मागाहून टाकल्या तरी चालतात. पण चारच दिवसांपूर्वी मी या घोडीच्या पुढच्या डाव्या पायाच्या फाटक्या कंडरेत सुई घातली होती, आणि आता तिनं वर्षभर नाचायचं नव्हतं. आधी नुसतं उभं राहायचं, मग पावलापावलानं चालायचं, एवढाच कार्यक्रम होता. तो मी मोठ्या अक्षरांत लिहून दस्तगीर मुलाणींच्या गोठ्याच्या दाराला चिकटवलाही होता. घोडीनं तो वाचला नव्हता.

अंगणात बांधलेली गुलछडी साडेतीन पायांवर नाचत होती. दुखरा पाय अर्धवट उचलायची, टेकवायची, मान डोलवायची, आणि पायांतली चाळ छुमछुम वाजायची. दस्तगीरभाई म्होरकीला लोंबकळत होते. त्यांच्या बायकोनं, हसीनाभाभींनी, घोडीच्या कानांवर उशी दाबून धरली होती. आणि दारासमोरच्या गल्लीतून लाल कोटातला नवरंग ब्रास बँड कुणा नवरदेवाला घेऊन मारुतीच्या देवळाकडे निघाला होता.

"थांबवा तिला," मी जीपमधूनच म्हणाले.

"कसं थांबवू, बाई?" दस्तगीरभाईंनी लोंबकळतच विचारलं. "वाजलं की नाचायचं, येवढं मी शिकवलंय तिला. न नाचायचं शिकवलंच न्हाई."

घोडी थांबण्यातली नव्हती, म्हणून मी बँड थांबवायला गेले. सगळ्यांत पुढे एक उंच, काटकुळा, मिशाळ गृहस्थ डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवत होता. मी ती त्याच्या तोंडातून काढून घेतली. बँड जागच्या जागी गप्प झाला. ढोलाचा एक ठोका तेवढा मागून आला आणि ओशाळून थांबला.

गृहस्थानं डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या क्लॅरिनेटकडे.

"बाई," तो अगदी शांतपणे म्हणाला, "अंतरा राहिला."

ज्ञानू वायदंडे ऊर्फ ज्ञानूमास्तर यांची आणि माझी ही पहिली भेट.

गुलछडी आणि नवरंग बँड ही जोडी होती. एका लग्नाची सुपारी घेतली की दोघांची. मास्तरांनी सूर धरायचा, दस्तगीरभाईंनी नुसतं बोट हलवायचं आणि घोडीनं अंगणात मांडलेल्या बाजेवर चढून चारी पायांनी ताल धरायचा. त्या सालच्या तुळशीच्या लग्नानंतर, हंगामाच्या पहिल्याच सुपारीत, बाजेचा एक पाय मोडला. त्याच्याबरोबर घोडीचा मोडला नाही, पण पायामागची कंडरा फाटली. गावाच्या भाषेत शीर तुटली. नाचरी घोडी शिरेतून गेली की तिचं काय होतं ते त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती बाजारात जाते. बाजारातून कुठं जाते हे कुणी विचारत नाही.

मी तेव्हा पशुवैद्यकीय कॉलेजात डॉक्टर दिवाणांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. दिवाणसरांनी रेसच्या काही घोड्यांवर मूळपेशींचे उपचार केले होते. रेसचा घोडा म्हणजे पंखा, डॉक्टर आणि दोन नोकर यांच्यासह राहणारा प्राणी. मी म्हटलं, आता एक गावातलं जनावर घेऊ.

"औषध पोचेल," सर म्हणाले होते. "विश्रांती पोचणार नाही. गावात घोडं वर्षभर उभं ठेवणार कोण? ते पुन्हा जायबंदी होईल, आणि लोक म्हणतील मूळपेशी खोट्या. मग दहा वर्षं कुणी गावातलं जनावर आपल्याकडे आणणार नाही. टिपणीस, हे एकाच संधीचं काम आहे. बघा बुवा."

मी बघते म्हणाले. वय असं होतं की बघते म्हणायला काही लागत नसे.

उपचार ऐकायला सोपा आहे. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. ती फाटली की शरीर घाईघाईनं गाठी मारून सांधतं. दोरी जुळते, पण तिचा ताण खायचा गुण जातो, आणि जरा जोर पडला की ती पुन्हा त्याच जागी तुटते. म्हणून आम्ही घोडीच्या छातीच्या हाडातून थोडा मगज काढला, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत उबेला वाढवल्या, आणि चिमूटभराच्या लाखो झाल्यावर बर्फाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन मी बोरतळवाडीला आले. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत त्या परत तिच्याच कंडरेत सोडल्या. त्यांनी गाठ न मारता नवा धागा धरावा ही आशा. आशा हा शब्द शोधनिबंधात चालत नाही. तिथं अपेक्षित परिणाम असं लिहितात.

हे सगळं मी मुलाणींच्या अंगणात तासभर समजावून सांगितलं होतं. दस्तगीरभाईंनी भक्तिभावानं ऐकलं आणि त्यांना काही कळलं नाही. हसीनाभाभी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी विरजणच की."

"काय?"

"तिचंच दूध, तिचंच विरजण. उबेला ठिवायचं, मग मोठ्या भांड्यात घालायचं. आन् लागंस्तोवर भांडं हलवायचं न्हाई."

त्यानंतर मी देशात आणि देशाबाहेर या विषयावर बरीच व्याख्यानं दिली. यापेक्षा बरं मला सांगता आलेलं नाही.

तर चौथ्याच दिवशी भांडं हललं होतं. मी सोनोग्राफीचं यंत्र काढून पाय तपासला. कंडरेच्या मधोमध जे काळं भोक होतं ते तेवढंच होतं, वाढलं नव्हतं. नशिबानं. पण नशिबाचा साठा आम्ही बर्फाच्या डब्यात आणलेला नव्हता.

मी गुडघ्यांवर बसून तिच्या पायांतली चाळ सोडली. नुसता पाय हलला तरी ती वाजते, आणि गुलछडीला स्वतःच्या पायाचं संगीतही पुरत होतं.

"ही मी पुण्याला नेते," मी म्हणाले. "घोडी बरी झाली की परत."

"तारण?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"तारण."

त्यांनी चाळ माझ्या पिशवीत जाताना पाहिली आणि तोंड फिरवून घोडीच्या पाठीवरची, तिथं नसलेली माती झटकली.

संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर गाव जमलं. मी सरळ सांगितलं: ती पुन्हा नाचली तर शीर पुन्हा तुटेल, आणि मग माझ्याकडे दुसरा उपाय नाही. गावात उपाय पुष्कळ होते. कुणी म्हणालं, कानांत कापूस घाला. तो दुपारीच घालून झाला होता. घोडीनं मान झटकून काढला होता आणि खाल्ला होता. कुणी म्हणालं, मळ्यात नेऊन बांधा. तेही शीर तुटल्यावर पहिल्या आठवड्यात करून झालं होतं. मळ्यात एकटी पडल्यावर तिनं दाव्याभोवती गरगरा फेऱ्या मारल्या होत्या, त्यापेक्षा नाच परवडला असता. कुणी म्हणालं, वरात दुसरीकडून न्या. वेशीतून देवळाला जायला गल्ली एकच होती, आणि नवरदेवानं लग्नाआधी मारुतीला न जाणं बोरतळवाडीच्या इतिहासात घडलेलं नव्हतं.

ज्ञानूमास्तर खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "वेशीपतोर वाजवू. गल्लीत गप. देवळाच्या म्होरं पुन्ना वाजवू."

"न वाजवता वरात?" मागून कुणीतरी म्हणालं. "मयत हाय का?"

"मयतीला बी आमीच वाजवतो," मास्तर म्हणाले. "जल्मात गप कधी बसलो न्हाई. बसून बघू."

"आन् पावनेमंडळी काय म्हनतील?"

"पावनेमंडळी कुठल्या बी लग्नात काय तरी म्हनत्यातच. ह्या लग्नात ह्ये म्हनतील."

मास्तरांनी दस्तगीरभाईंकडे पाहिलंही नाही. त्यांनी क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळली आणि घरी गेले.

मुक्या वराती सुरू झाल्या. वेशीपाशी बँड थांबायचा. कोटवाले वाद्यं काखेत घ्यायचे. फटाक्यांच्या माळा पिशवीत परत. नवरदेव, करवल्या, मामे, आत्या असा सगळा लवाजमा चपला हातात घेऊन मुलाण्यांच्या दारावरून पाय न वाजवता जायचा, आणि देवळाच्या कोपऱ्यावर वळला की एकदम सगळं सुरू. कर्नाटकातून आलेल्या एका नवरीच्या मामांनी हे पाहिलं, डोक्यावरचा फेटा काढला आणि दस्तगीरभाईंच्या दोन्ही हातांना धरून विचारलं, "फार वय झालं होतं का?" तालुक्याहून आलेल्या एका पार्टीनं डीजे आणला होता. ते म्हणाले, बटण बंद केलं तर आमची इज्जत जाते. गावानं त्यांना सांगितलं की बटण चालू ठेवलं तर तुम्ही मुक्कामी राहता. त्यांना ते पटलं.

गुलछडी दारात उभी राहून हे सगळं पाहत असे. वरात दिसली की कान उभे करायची. पाय शिवशिवायचा. तेवढ्यात हसीनाभाभी तिच्या तोंडात गुळाचा खडा घालायच्या. "उबी ऱ्हा, माझी बाई. उबी ऱ्हा." ती उभी राहायची. मी दर महिन्याला जायची, यंत्र लावायची, आणि पडद्यावरचं काळं भोक कडेनं थोडं करडं होत आलेलं दिसायचं. भाभींना मी म्हणायची, गूळ जरा कमी द्या. त्या म्हणायच्या, गुळानं शीर धरते. मी वाद घातला नाही. जनावर उभं होतं.

वैशाखात ज्ञानूमास्तरांच्या मुलाचं लग्न निघालं.

सुदर्शन एकुलता एक. मास्तरांच्या बापानं त्यांच्या लग्नात वाजवलं होतं, आज्यानं बापाच्या. त्या घरात पोराच्या लग्नाला बापानं सूर धरायचा ही रीत होती, आणि सूर वेशीपासून देवळापर्यंत अखंड धरायचा. मध्ये तुटला की अपशकुन. उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांना वाजवत देवळात पोचवलेला माणूस. त्याचं स्वतःचं पोर म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी आदल्या दिवशीच गेले. पडद्यावर भोक भरत आलेलं दिसत होतं, पण भरलेलं सगळं नवं आणि कच्चं, न पिळलेल्या सुतासारखं. एका ठेक्यात गेलं असतं.

"मी तिला टेंपोत घालतो," दस्तगीरभाई म्हणाले. "उद्याच्या दिवस मंगळवेढ्याला भाच्याकडं नेतो."

"त्या रस्त्यावर टेंपोत ती नाचेल त्यापेक्षा जास्त हलेल."

"मग बाई, मी सांगून आलोय ज्ञान्याला. वाजव म्हनलो."

"आणि ते काय म्हणाले?"

उत्तर द्यायला मास्तरच दारात आले. हातात पत्रिका होती. ती त्यांनी रीतीप्रमाणे आधी घोडीच्या कपाळाला लावली, मग दस्तगीरभाईंच्या हातात दिली.

"ज्ञान्या, मी काय सांगितलं तुला?" दस्तगीरभाई म्हणाले. "जनावर हाय ते. पोरगं येकदाच लगीन करतंय."

"आजकाल काय सांगता येत न्हाई पोरांचं," मास्तर म्हणाले.

"चेष्टा नको. तुझ्या घरची रीत मला ठावं हाय. तुझा सूर तुटला तर उद्या काय बी झालं की लोक म्हनतील, मुलान्याच्या घोडीपायी."

"लोकांस्नी काम हाय का दुसरं?"

"तू वाजवणार हायस का न्हाईस?"

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. "वाजवणार की. माझ्या पोराच्या वरातीत मी वाजवणार न्हाई, तर कोन वाजवणार?"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, उद्या जेवायला थांबा. आन् तेवढी क्लॅरिनेट हिसकावू नका."

ते गेले. दस्तगीरभाई बराच वेळ पत्रिकेकडे पाहत बसले, आणि मी घोडीच्या पायाकडे. भाभींनी गुळाची अख्खी ढेप फोडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी वेशीपाशी बँड वाजत होता तो आमच्या कानांवर येत होता. गल्लीच्या दोन्ही अंगांना गाव उभं. मी म्होरकी एका बाजूनं धरली, दस्तगीरभाईंनी दुसऱ्या. भाभी समोर गूळ घेऊन. सूर जवळ येत गेला, वेशीशी आला, आणि थांबला. मी श्वास सोडला. तेवढ्यात भाभी म्हणाल्या, "अवो, वाद्यं खाली घेतली न्हाईत."

खरंच. रोज वेशीत वाद्यं काखेत जायची. आज बँड तोंडाला वाद्यं तशीच लावून गल्लीत शिरत होता.

सगळ्यांत पुढे मास्तर. नवा लाल कोट, पितळी बटणं, डोळे मिटलेले, क्लॅरिनेट ओठांत. बोटं भोकांवरून पळत होती. गाल भरत होते, रिकामे होत होते. मागे ट्रंपेटवाल्यांच्या मानेच्या शिरा ताठ. ढोलवाला पूर्ण हात फिरवून टिपरू खाली आणत होता आणि कातड्याच्या बोटभर वर थांबवत होता. झांजवाला दोन्ही झांजा लांब नेऊन जोरात जवळ आणायचा, आणि त्या एकमेकींना शिवायच्या नाहीत. सगळ्यांचं एकाच वेळी, एकाच लयीत. पाय तालात पडत होते, अनवाणी. आवाज काही नाही. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या तेवढ्या, तर तिनं हात पदरात घेतला.

मी बँड पुष्कळ ऐकले आहेत. हा एक पाहिला.

गुलछडीचे कान समोर गेले. खांद्यावरची कातडी थरथरली. तिनं डोळ्यांनी तो ताल धरला होता, हे मला माझ्या हातातल्या म्होरकीतून कळत होतं. डावा पाय उचलला गेला, आधी टाच, मग खूर, जमिनीपासून टीचभर. तो हवेत राहिला. दस्तगीरभाईंनी डोळे मिटले. भाभींनी गूळ पुढं केला नाही. हात तिथंच राहिला होता.

मास्तर दारासमोर आले. थांबले नाहीत, डोळे उघडले नाहीत, बोटं तशीच चालू. पुढे गेले.

पाय खाली आला. हलकेच, जसा एखाद्यानं झोपलेल्या पोराजवळ पेला ठेवावा. आणि ती उभी राहिली.

मागून सुदर्शन पायी चालत आला. मुंडावळ्या सांभाळत त्यानं घोडीला हात जोडले. कोपऱ्यावर वळल्याबरोबर नवरंग बँड असा वाजला की देवळावरचे पारवे दोन दिवस परत आले नाहीत, असं गाव सांगतं.

पंगतीत मी मास्तरांशेजारी बसले होते. म्हटलं, "गल्लीत काय वाजवलं?"

"ऐकू आलं न्हाई व्हय?" त्यांनी बुंदी चिवडत विचारलं. "समदं वाजवलं. सूर तुटू दिला न्हाई. अंतरा बी सोडला न्हाई."

पलीकडे बसलेल्या दस्तगीरभाईंना ठसका लागला. मास्तरांनी त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला, लागायला हवा होता त्यापेक्षा जोरात.

पुढच्या मार्गशीर्षात वर्ष भरलं. मग थोडी दुडकी, मग थोडी धाव. चैत्र उजाडला तेव्हा दिवाणसर स्वतः आले. यंत्र लावलं, चष्मा पुसला, पुन्हा लावलं. काळं भोक नव्हतं. विंचरलेल्या केसांसारखे धागे एकाला एक लागून सरळ वरपासून खालपर्यंत गेलेले. रेसच्या घोड्यांत त्यांनी याहून बरं काही पाहिलेलं नव्हतं, आणि ते त्यांना जड जात होतं.

"नाचवा," ते शेवटी म्हणाले.

"कुठल्या लग्नात?" मी विचारलं.

"ज्ञान्याच्या पोराच्या," दस्तगीरभाई म्हणाले. "त्येची वरात राहिलीय."

मास्तर म्हणाले, राहिलेली काही नाही, मी वाजवलंय. दस्तगीरभाई म्हणाले, तू वाजवलंस, माझी घोडी कुठं नाचली? निम्मी सुपारी बाकी आहे. यावर भांडण झालं, आणि त्यात मास्तर हरले. मला वाटतं, त्यांनी फारसा जोर लावला नाही.

सुदर्शन आणि पूनम यांची वरात लग्नाला वर्ष उलटल्यावर निघाली. पूनमच्या मांडीवर दोन महिन्यांची मुलगी होती. आजीनं तिलाही बोटभर मुंडावळ्या बांधल्या होत्या. घोडीवर कुणी बसायचं नाही असं सरांनी बजावलं होतं, म्हणून वरातीला आमच्या कॉलेजची जीप घेतली आणि तिला झेंडूच्या माळा घातल्या. सरकारी वाहन असं वापरता येत नाही, असं सर म्हणाले, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

वेशीपाशी गुलछडीला उभं केलं. झूल, गोंडे, कपाळावर आरशाचा बिल्ला. मास्तरांनी क्लॅरिनेट लावली आणि पहिला सूर गल्लीत सोडला. ढोल पडला, झांजा पडल्या. दीड वर्ष गप्प राहिलेली गल्ली दणाणली.

गुलछडी उभी राहिली.

देवळातल्या दगडी हत्तीसारखी. कान हलला नाही, शेपूट हललं नाही. बँड वाजतोय, फटाके फुटतायत, पोरं नाचतायत, आणि घोडी समोर बघत उभी. दस्तगीरभाईंनी बोट हलवलं. पुन्हा हलवलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. दिवाणसर जीपमधून उतरून पायाशी बसले, कंडरा चाचपली.

"पाय थंड आहे. उत्तम आहे."

"मग?"

"पाय माझा विषय. नाच माझा नाही."

"हाडातला मगज काढला, त्यात नाच गेला," मागून कुणीतरी निदान केलं.

मास्तरांनी हात वर करून बँड थांबवला. शांतता झाली. त्या शांततेत गुलछडीनं मान वळवली, गर्दीत हसीनाभाभींना शोधून काढलं, आणि मान लांब करून ओठ पुढे केले.

भाभी कपाळाला हात लावून मटकन खाली बसल्या. "मीच, बाई. वरात आली की उबी ऱ्हा, मग गूळ. दीड वरीस. मीच शिकवलं हिला."

"न नाचायचं शिकवलं न्हाई म्हनलो व्हतो मी," दस्तगीरभाई हळूच म्हणाले. "तू शिकवलंस. माझ्यापेक्षा पक्कं शिकवलंस." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग त्यांची नजर तिच्या पायांवर गेली. उघड्या. तिथून माझ्याकडे.

"बाई," ते म्हणाले. "तारण."

चाळ माझ्या पिशवीत होती. समारंभ संपला की सगळ्यांसमोर परत करायची, दोन शब्द बोलायचे, असं मी योजलं होतं. मी ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात मागे घेतले.

"सोडली तुमी. बांदा तुमी."

मी चांगल्या साडीनिशी धुळीत बसले. आधी उजवा पाय, मग डावा. त्या नव्या कंडरेवरून माझा हात गेला तेव्हा ती मला बोटांना तारेसारखी लागली. गाठ मारून मी उठले. गुलछडीनं मान खाली घालून चाळ हुंगली. डावा पाय उचलला, टेकवला. छुम. थांबली. पुन्हा उचलला, टेकवला. छुम. मग उजवा. बँड गप्प. सगळं गाव गप्प. सवयच झाली होती. त्या शांततेत ती आपली आपण ताल धरत होती, आधी सावकाश, मग जरा जलद, जुनी ओळख निघावी तशी.

मास्तरांनी डोळे मिटले आणि सूर लावला.

ती वेशीपासून देवळापर्यंत नाचत गेली. मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे दोन्ही पाय जमिनीवर आदळले, आणि ती पुन्हा उठली. मुलाण्यांच्या दारासमोर मास्तर जागच्या जागी थांबले आणि तिथं त्यांनी अंतरा दोनदा वाजवला. दस्तगीरभाई बोट हलवायचं विसरून उभे होते. जीपमध्ये मुंडावळ्यांतली नात गाढ झोपली होती. या सगळ्याचं चित्रीकरण करायची जबाबदारी दिवाणसरांवर होती. त्यांनी कॅमेरा हातात धरला होता, पण त्या हातांनी ते टाळ्या वाजवत होते, त्यामुळे आमच्याकडे तासभर लोकांच्या चपलांचं चित्रीकरण आहे.

रात्री पंगतीत सरांनी शास्त्रज्ञाचा प्रश्न विचारला. "ही नेमकी कशानं बरी झाली म्हणायची? पेशींनी, की विश्रांतीनं? एका घोडीवरून सांगता येत नाही."

"गुळानं," भाभी म्हणाल्या.

"विरजण बाईंचं," मास्तर म्हणाले, "भांडं आमी हलू दिलं न्हाई. आनखी येक घोडी आना, सायेब. गप बसायला आमी हाय."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

पुढे शोधनिबंध छापून आला. त्यात पेशींवर चार पानं आहेत, आणि मधे एक ओळ आहे: "या काळात रुग्ण प्राण्यास पूर्ण विश्रांती देण्यात आली." त्यावर कुठंही व्याख्यान द्यायला उभी राहिले की ही ओळ वाचून मी थांबते. नेमकी तेवढा वेळ, जेवढ्यात एक लाल कोटवाला बँड मुलाण्यांच्या दारावरून पलीकडच्या कोपऱ्याला वळतो. घाई करत नाही. अंतरा सोडत नाही.

सभागृहातल्या लोकांना वाटतं, बाई पाणी प्यायला थांबल्या.